आभारांच्या यादीतलं नाव

लाल रुमालाची गाठ सोडून कुंदुझने जेंगेचा पासपोर्ट उघडला, तर आत तिच्या आईचं नाव होतं. उघडायचं खरं तर काही कारण नव्हतं. बाराच्या सुमाराला अल्बमचं खोकं काखोटीला मारून ती छापखान्यातून आली, अंधाऱ्या जिन्यानं पाचवा मजला चढली, आणि दारात दम खात उभी होती तेवढ्यात फोन वाजला. जेंगे बसस्थानकावरून बोलत होती. “एर्के, पासपोर्ट राहिला बघ घरी. कपाटाच्या वरच्या फळीवर, लाल रुमालात. गाडी तीनला सुटेल म्हणतोय, भरली तर आधीच. येतेस का घेऊन?” बास, एवढंच. जेंगे म्हणजे वहिनी, थोरल्या भावाची बायको. आणि गेले पाच आठवडे दोघींमध्ये असंच बोलणं चाललं होतं, मीठ संपलंय, पाणी तापवलंय, गॅसवाला येऊन गेला. रुमाल हातात आल्यावर कुंदुझच्या मनात आलं की खोक्यातल्या एका सीडीचं कव्हर काढून गुपचूप पासपोर्टात सरकवून द्यावं. गावी पोचल्यावर सापडेल. तोंडानं आभार मानायचं धाडस तर तिला होत नव्हतं, निदान छापलेले तरी जेंगेच्या हातात पडतील.

पहिल्यांदा तिला वाटलं, आपण आईचाच जुना कागद काढला. पण आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि फोटोत जेंगे होती. डाव्या भुवईवरचा व्रण, गळ्यापर्यंत लावलेलं बटण, फोटोवाल्यानं हसू नका म्हटल्यावर कोणी हसतंय की काय अशा रागानं मिटलेले ओठ. आडनाव जेंगेच्या वडलांचं, असानोवा. जन्मगाव नारीनच्याही पलीकडचं, अत-बाशी. सगळं जेंगेचं, आणि आडनावाच्या शेजारी अनारकूल. कुंदुझ पलंगाच्या काठावर बसली. जेंगेला घरात, जिन्यात, शिवणखात्यात सगळे साइरा म्हणत. कुंदुझनेही कव्हरच्या आतल्या बाजूला आभारांच्या यादीत तिसऱ्या ओळीला स्वतःच्या हातानं टाइप केलं होतं, ‘साइरा जेंगेला, जिच्याशिवाय यातलं एकही गाणं झालं नसतं.’ तीनशे प्रती. शाईचा वाससुद्धा अजून गेला नव्हता.

कोडं सुटायला वेळ लागला नाही, आणि सुटल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. सुनेनं सासरच्यांची नावं घ्यायची नाहीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सासू, सासरा, दीर, अगदी धाकटी नणंदसुद्धा. सून प्रत्येकाला आपलं वेगळं नाव पाडते आणि जन्मभर त्याच नावानं हाक मारते. म्हणून तर जेंगेनं कुंदुझला कधी कुंदुझ म्हटलं नाही, एर्के म्हटलं, लाडकी. पण सुनेचं आणि सासूचं नाव एकच निघालं तर? मग सुनेचं जातं. पहिल्याच दिवशी डोक्याला पांढरा रुमाल बांधताना घरातली एखादी म्हातारी तिला दुसरं नाव देते, आणि जुनं नाव सरकारी कागदांपुरतं उरतं. असं कुणाच्या तरी आजीच्या बाबतीत, कुठल्या तरी खेड्यात झालेलं तिनं ऐकलं होतं. ते आपल्याच स्वयंपाकघरात अकरा वर्षं भांडी घासत होतं याचा तिला पत्ताच नव्हता. कुणी लपवलं होतं असंही नाही. तिनं विचारलं नव्हतं. जी बाई आपल्या शाळेच्या बाह्या लांब करते, आपल्या केसांतल्या उवा काढते, पहिलं रक्त आलं तेव्हा काही न बोलता गरम चहा आणि फडकं आणून ठेवते, तिचं खरं नाव काय असेल हा प्रश्न आपल्याला अकरा वर्षांत एकदाही पडू नये, म्हणजे काय माणूस आहोत आपण.

ती अकरा वर्षांची होती तेव्हा जेंगे आली. बरोबर माहेरच्या बारा गोधड्या, तुकडे जोडून शिवलेल्या, सणसणीत जड, घडी घालून पेटीवर रचल्या तर छताला टेकत. आई तेव्हा धडधाकट होती. दोन वर्षांत आजारली आणि गेली. भाऊ कामाला म्हणून येकातेरिनबुर्गला गेला, आधी दर महिन्याला फोन करायचा, मग सणाला, मग तिकडे त्याचं दुसरं घर झाल्याचं दुसऱ्याच कुणाकडून कळलं. जेंगेनं रडून गोंधळ घातला नाही. ती इमारतीच्या तळघरातल्या शिवणखात्यात मशीनवर बसायची, तशीच बसत राहिली. आता गेल्या महिन्यात कोर्टाचा कागद आला, फारकत झाली, आणि फारकत झालेली बाई सासरी राहत नाही. माहेरून आणलेलं माहेरी जातं. आज सकाळी कुंदुझच्या बँडमधल्या झेन्यानं बाराच्या बारा गोधड्या खाली उतरवून बापाच्या गाडीत कोंबल्या आणि जेंगेला बसस्थानकावर नेलं, तेव्हा कुंदुझ मुद्दामच लवकर उठून छापखान्यात निघून गेली होती. दारात उभं राहून काय बोलायचं हे तिला सुचलं नसतं, हे एक. आणि जेंगेनं ‘बरं, येते एर्के’ म्हटलं असतं तर आपण भोकाड पसरलं असतं, हे दुसरं.

बँडचं नाव तोक जोक. वीज नाही. त्या हिवाळ्यात बिश्केकमधल्या प्रत्येक घरातून रोज संध्याकाळी हेच दोन शब्द ऐकू येत, त्यामुळे नाव शोधायला डोकं खाजवावं लागलं नव्हतं. धरणात पाणी नव्हतं म्हणे, म्हणून भारनियमन. चार तास आहे, चार तास नाही, आणि वेळापत्रकावर विश्वास ठेवणारा मूर्ख. कुंदुझ गायची आणि बास गिटार वाजवायची, आदिलेत गिटार, आणि झेन्या, ज्याचे गुडघे ड्रमसेटच्या दोन्ही बाजूंनी बाहेर यायचे, तो ड्रम. गाणी दोन-दोन मिनिटांची, भरधाव, आणि चाली अशा की भाजीवालीनंही गुणगुणाव्यात. आदिलेत म्हणायचा, आपण रागीट आहोत पण गोड रागीट. तीन वर्षं हा गोड राग त्यांनी गच्चीवर, गॅरेजात, एकदा तर बंद पडलेल्या न्हाणीघरात काढला होता. अल्बम करायचा तर बंद खोली हवी आणि वीज हवी, आणि दोन्ही त्यांच्याकडे नव्हतं. जेंगेनं एकदा कणीक मळता मळता हे ऐकलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “आमच्या खात्यात जनरेटर आहे. दुपारी एक ते दोन मशिनी बंद असतात, बायका जेवतात. मी विचारलंय. त्या म्हणाल्या, येऊ देत, नाहीतरी आमचा रेडिओ मेलाय.”

ते तळघर आठवलं की कुंदुझला अजूनही कापडाची खळ आणि डिझेल असा मिसळलेला वास येतो. रशियाला जाणाऱ्या फुलाफुलांच्या घरगुती झग्यांचे गठ्ठे छतापर्यंत, वीस मशिनी, वीस बायका, इस्त्रीची वाफ. आवाज त्या गठ्ठ्यांत असा मुरायचा की साध्या बोलण्यालाही वजन यायचं. फक्त ड्रम काही केल्या मुरेनात, तेव्हा जेंगेनं एक-एक करत आपल्या बारा गोधड्या पाच मजले खाली वाहून आणल्या, कपडे टांगायच्या लोखंडी दांड्यांवर लटकवल्या आणि झेन्याभोवती तंबू उभारला. कातरकाम करणारी बुबुश म्हातारी म्हणाली, “अगं, या तुझ्या लग्नातल्या ना? यांच्यात तू निजायचंस का या उंटानं ढोल बडवायचा?” जेंगे म्हणाली, “निजणारा गेला रशियाला. निदान ढोल तरी वाजू दे.” सगळ्याजणी अशा हसल्या की आदिलेतच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. जनरेटर भिंतीपलीकडे सतत एका सुरात गुरगुरायचा, तो सूर काही बंद करता येईना, म्हणून कुंदुझनं शेवटी आपला बासच त्या सुरात लावला, मग आदिलेतनं गिटार लावली. त्यामुळे अख्खा अल्बम जगातल्या इतर वाद्यांपेक्षा केसभर चढा आहे. एका तासात एक गाणं. चुकलं तर उद्या. दोनला घंटा व्हायची, बायका हात पुसत मशिनींवर बसायच्या, आणि शेवटच्या झांजेवर शिलाईची खडखड चढायची. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी ती ऐकू येते. ती कापायची नाही यावर तिघांचं एका क्षणात एकमत झालं होतं, आणि तिघांचं एकमत ही काही रोज होणारी गोष्ट नव्हती.

शेवटचं, नववं गाणं आईचं. त्याचं नावच ‘अनारकूल’. त्याचा अर्थ कुंदुझनं कुणालाच सांगितला नव्हता, बँडलाही नाही, आणि त्या दणदणाटात शब्द कुणाला कळणार होते. आईचे शेवटचे तीन दिवस कुंदुझ रोज शाळेतून घरी आली की दारातच थबकायची. आतल्या खोलीतून आई हाका मारत असायची. अनारकूल. थोडं थांबून पुन्हा, अनारकूल, अगं अनारकूल. स्वतःचंच नाव. तेरा वर्षांच्या मुलीला त्याचा एकच अर्थ लागला, आई आपल्याला विसरली, भावाला विसरली, तिला फक्त स्वतःचं नाव उरलंय आणि ती स्वतःलाच शोधतेय. तिला इतकी भीती वाटली की दप्तर दारात टाकून ती जिन्यावरून गच्चीवर पळाली, आणि तिन्ही दिवस तसंच केलं. आत गेलीच नाही. चौथ्या दिवशी हाका नव्हत्या. नऊ वर्षं हे तिनं असं आत ठेवलं होतं, दुखऱ्या दाताला जीभ लावून बघावी तसं अधूनमधून लावून बघत, आणि मग एका रात्रीत दोन मिनिटं अकरा सेकंदांचं गाणं झालं. ओरडून गायचं गाणं. शेवटी आठ वेळा नुसतं नाव. ते नाव एकटीनं ओरडून भागेना, म्हणून आदिलेत म्हणाला, बायकांना घेऊ.

त्या दिवशी वीसही जणी माइकभोवती गोळा झाल्या. कुणी ओठांना रंग लावला, जसा काही आवाज दिसणारच होता. झेन्यानं काठ्या आपटून चार मोजले आणि तळघर हादरलं. अनारकूल, अनारकूल. बुबुश म्हातारी तर जन्मभर याचसाठी थांबल्यासारखी ओरडत होती. आणि कुंदुझला गाता गाता समोर दिसलं, जेंगे मागच्या रांगेत उभी आहे आणि तिचं तोंड बंद आहे. पुन्हा घेतलं. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा कुंदुझ थांबली. सुनेनं नाव घ्यायचं नसतं हे तिला का ठाऊक नव्हतं. पण सासू मरून नऊ वर्षं झाली, नवरा पळाला, गाणं आहे, वीस जणींचा गलका आहे, आणि तरी ही बाई ओठ शिवून उभी. एवढी कसली अढी. ती बोलून गेली, सगळ्यांसमोर, माइक चालू असताना, “आईच्या जागेवर बसलात ती बसलात, तिचं नाव घ्यायला मात्र जीभ जड होते तुमची.” जनरेटर तेवढा गुरगुरत राहिला. जेंगे वळली, आपल्या मशीनपाशी गेली, रिकाम्या बॉबिनवर दोरा भरायला लागली, आणि चौथ्या वेळेला एकोणीस जणी ओरडल्या. अल्बमवर आहेत त्या एकोणीस आहेत.

ट्रॉलीबसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. एप्रिल लागला होता, रस्त्याकडेच्या पाटांना पाणी सोडलेलं, पिंपांतून मकसिम, धान्याचं आंबूस पेय, विकणाऱ्या बायका छत्र्या लावून बसलेल्या, आणि दक्षिणेला डोंगर अजून पांढराफेक. कुंदुझच्या मांडीवर कव्हर होतं. तिनं पेन काढलं आणि तिसऱ्या ओळीतलं साइरा हे नाव खोडलं, वर बारीक अक्षरात अनारकूल लिहिलं. खोडल्यावर ओळ बावळट दिसायला लागली. मनात मघापासून काहीतरी ठुसठुसत होतं ते हे नव्हतंच, हे तिला कळत होतं. त्या तळघरात एकोणीस बायका एका बाईच्या तोंडावर तिचंच नाव ओरडत होत्या, ज्या नावानं अकरा वर्षांत तिला कुणी हाक मारली नव्हती, आणि आपण तिला म्हणालो, जीभ जड होते तुमची. हे होतंच. पण त्याच्याही खाली आणखी एक होतं. चौकात वळताना ट्रॉलीबसचा दांडा तारेवरून निसटला, गाडी भस्सकन थांबली, ड्रायव्हर बाई शिव्या घालत हातमोजे चढवून मागे दोरी ओढायला गेली, आणि त्या अचानक पडलेल्या शांततेत कुंदुझला ते सापडलं. घरात त्या वेळी अनारकूल दोघी होत्या.

आई कुणाला हाका मारत होती?

असं असेल का हा प्रश्न ती मनात पुरता मांडतही नव्हती, न जाणो, विचारलं आणि जेंगे म्हणाली, नाही गं, शेवटी तिला भानच नव्हतं. मग आज आहे त्याच्याहून वाईट. तोंडाशी आलेला घास परत काढून घेतल्यासारखं. आणि हे सांगू शकेल असं जगात एकच माणूस होतं आणि ते तीनच्या गाडीनं, कदाचित त्याही आधी, नारीनला निघालं होतं. उद्या फोनवर विचारता येईल, पण असलं काही फोनवर विचारतात का, आणि पाच आठवडे मिठाबद्दल बोलणाऱ्या दोघी फोनवर काय बोलणार. दांडा तारेला लागेना. दुसऱ्यांदाही लागला नाही. कुंदुझ उतरली आणि पळत सुटली, एका हातात लाल रुमाल, दुसऱ्यात कव्हर. अर्ध्या वाटेत प्रवासी नेणाऱ्या एका लहान गाडीवाल्यानं हॉर्न वाजवून गाडी थांबवली, तिच्यात ती दारालाच लटकली. अडीचला वीस मिनिटं कमी होती.

बसस्थानकाच्या मागच्या अंगाला नारीनच्या गाड्या लागतात. ड्रायव्हर “नारीन, नारीन, दोन जागा” असं छाती पिटून ओरडत होता, गाडीच्या टपावर गोधड्यांचा डोंगर दोरखंडानं आवळलेला, आणि खाली पिशव्यांच्या ढिगात जेंगे बसली होती, पाय पसरून, जणू स्वतःच्या अंगणात. झेन्या शेजारी उभा राहून सामसा खात होता.

“आली बघा,” झेन्या म्हणाला. “मी म्हणत होतो जेंगेना, पासपोर्टाशिवायही जाता येतं, ड्रायव्हर काय सीमेवरचा शिपाई आहे? पण ऐकतात कुठं.”

“तू गप रे. तुला काय ठाऊक,” जेंगे म्हणाली. “गावी जाऊन पुन्हा नाव लावायचंय मला तिथल्या कचेरीत.” आणि कुंदुझकडे बघून, “पळत आलीस? अंग बघ कसं घामेजलंय. वारं लागेल.”

कुंदुझनं रुमाल तिच्या हातात दिला. श्वास बसत नव्हता, आणि ते एका अर्थी बरंच होतं.

“उघडून बघितलं मी.”

जेंगेनं रुमालाची गाठ चाचपली. चुकीची बांधली होती. “बघितलंस तर बघितलंस. फोटो घाण आलाय.”

“तुम्ही कधी सांगितलं नाही.”

“तू कधी विचारलं नाहीस. आणि सांगून काय करायचं होतं? तुझी आई एक होती, तिच्या घरात तिचं नाव तिला. माझं काही अडलं नाही.” मग मोकळेपणानं, “तुमच्या त्या गाण्यात मात्र अडलं. सासूचं म्हणून घ्यायचं नाही, आणि माझं म्हणून तर काय घ्यायचं. एकोणीस जणी माझ्या नावानं बोंबलतायत आणि मी काय करू, ओ देऊ?”

झेन्याचं चघळणं थांबलं. तो एकदा इकडे एकदा तिकडे बघून, आपण पाणी घेऊन येतो असं काहीतरी पुटपुटत निघून गेला.

“त्या दिवशी मी जे बोलले,” कुंदुझ म्हणाली.

“बोललीस. ऐकलं मी. दोन दिवस टाके वाकडे पडले माझे. बुबुशनं ओरडून घेतलं.” जेंगेनं तिचा हात ओढून तिला पिशवीवर बसवलं. “झालं ना आता. त्या कागदावर काय लिहिलंयस ते दाखव.”

तिनं कव्हर उजेडात धरलं, आभारांची यादी वरून खालपर्यंत ओठ हलवत वाचली, आदिलेतच्या काकाचा माइक, जनरेटरवाला, बायकांची एकोणीस नावं, आणि परत वर तिसऱ्या ओळीशी येऊन थांबली. तिचा चेहरा पडला. “हिला कुणी खोडलं?”

“ते तुमचं नाव नाही ना.”

“नसेना का. गोधड्या खाली वाहिल्या त्या साइरानं. बायकांना तयार केलं साइरानं. तुझ्या डोक्यातल्या उवा कुणी काढल्या? अनारकूल तर अठरा वर्षांची पोर होती, मेंढ्यांमागे हिंडायची. तिला तुमचं हे ढॅणढॅण ऐकवलं असतं तर डोंगरात पळून गेली असती. ती कशाला उपटसुंभ येतेय मध्येच. दुसरं दे मला, न खोडलेलं.”

“दुसरं घरी आहे.”

“मग पाठव. आणि हे फाड. नाही, राहू दे, हेही दे.” तिनं ते पासपोर्टात घातलं, रुमालाची गाठ आपल्या पद्धतीनं मारली आणि छातीशी खोचली.

ड्रायव्हर ओरडला, एकच जागा. कुणीतरी म्हातारा कोंबड्यांचं खोकं घेऊन चढत होता. आता नाही विचारलं तर राहूनच जाईल, आणि कुंदुझनं विचारलं, खाली बघत, मातीतल्या एका बाटलीच्या बुचाकडे बघत, लहानपणी गृहपाठ म्हणून दाखवायची तसं एका दमात. शेवटचे तीन दिवस. शाळेतून आल्यावर. आई स्वतःलाच हाका मारत होती का. भान गेलं होतं का तिचं.

जेंगेला प्रश्नच समजला नाही. तिनं दोनदा विचारून घेतला. “स्वतःला? स्वतःला कशाला मारेल? मलाच मारायची की. घरात दुसरं कुणी नसलं की ती मला माझ्याच नावानं बोलवायची. पहिल्यापासून. म्हणायची, नाव म्हाताऱ्यांनी काढून घेतलं गं तुझं, मी नाही घेतलं. कुणी आलं की लगेच साइरा. शेवटी शेवटी दार उघडं की बंद ते तिला दिसत नव्हतं, म्हणून तुला ऐकू गेलं असेल. भान कशानं जाईल? मरायच्या सकाळी मला म्हणाली, परकरात गाजराचं बी बांधलंय ते पेरायचं राहिलं.”

“मग काय म्हणायची? हाका मारून?”

“काय म्हणणार. पाणी दे. कूस बदल.” जेंगे थोडी हसली, आणि मग जे म्हणाली ते तिनं आईच्या आवाजात म्हटलं, नाव घेऊन, दोघींचंही पहिल्यांदाच कुंदुझच्या देखत घेऊन. “अनारकूल, पोरगी जेवली का? अगं अनारकूल, जेवली का पोरगी? दिवसातून दहा वेळा तेच. तू तर दप्तर टाकून कुठं गायब व्हायचीस देव जाणे. मी आपली सांगायची, जेवली, जेवली. खोटंच. पण तिला बरं वाटायचं.”

कुंदुझ रडली. बसस्थानकावर रडणाऱ्या माणसाकडे कुणी वळून बघत नाही, निम्मे जण रडतच असतात, त्यामुळे तिला भरपूर रडता आलं. नऊ वर्षं भिंतीपलीकडे आई हरवत होती, आणि ती हरवलेली नव्हतीच. ती एका शहाण्या बाईला दहादा एकच प्रश्न विचारत होती, आणि ती शहाणी बाई दहादा उत्तर देत होती. आपण गच्चीवर असताना आई एकटी नव्हती. हे कुणाकडे आणि कसं फेडायचं असतं, तिसऱ्या ओळीत, चौथ्या ओळीत, कुठे मावतं हे. तिला एवढंच सुचलं, ती जेंगेच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, “थांबा ना. उद्या अल्बमचा कार्यक्रम आहे. परवा जा.”

“उद्या थांबले तर परवाही थांबेन,” जेंगे म्हणाली. “मग तेरवा तुझा भाऊ नवी बायको घेऊन आला की मी कोण? नको. बाप म्हातारा झालाय, तो वाट बघतोय. त्यानं ठेवलेल्या नावानं मला हाक मारायची त्याला फार हौस आहे.” तिनं ओढणीच्या टोकानं कुंदुझचं नाक पुसलं, बाविसाव्या वर्षी, चारचौघांत. “आणि ते गाणं बदलू नका हं. चांगलंय. जरा मोठ्यानं म्हणा.”

मग ती चढली. खिडकीशी बसली, पिशव्या पायांशी घेतल्या, शेजारच्या कोंबड्यांना नीट सरकवलं. झेन्या पाण्याची बाटली घेऊन आला आणि उगाच खिडकीतून आत देऊन मोकळा झाला. ड्रायव्हरनं दार लोटलं, गाडी घुरघुरली. कुंदुझ खिडकीखाली उभी होती आणि जेंगे तिच्याकडे टक लावून बघत होती, काहीतरी तोंडात घोळवत असल्यासारखी. फारकत होऊन महिना झाला होता. तिला आता कुणी अडवणारं नव्हतं, अडवणारं सगळं मागे घराच्या उंबऱ्याशी राहिलं होतं. तिनं काच सरकवली.

“कुंदुझ,” ती म्हणाली. पहिल्यांदा जरा चाचरली, मग नीट, ठाशीव, “कुंदुझ, जेवलीस का?”

आपलं नाव इतकं लांबचं आणि इतकं आपलं असेल हे कुंदुझला ठाऊक नव्हतं. एर्के आता कुणी म्हणणार नव्हतं, तेही तिला त्याच क्षणी कळलं.

“नाही,” ती म्हणाली. “सकाळपासून काहीच नाही.”

“ए, थांबव,” जेंगेनं ड्रायव्हरला सांगितलं. पायाशी वाकून तिनं पिशवी उसकली, प्रवासासाठी कणकेच्या तळलेल्या बोरसोकांची पुरचुंडी काढली, खिडकीतून खाली दिली आणि म्हणाली, “इथंच खा. माझ्यासमोर.” ड्रायव्हर म्हणाला, आपा, खिंडीत अंधार होईल. जेंगे म्हणाली, होऊ दे. मागून कुणीतरी कुरकुरलं, कोंबड्यावाला म्हातारा म्हणाला, खाऊ द्या हो पोरीला, काय घाई आहे. चौदा माणसं आणि एक ड्रायव्हर खोळंबले, आणि कुंदुझ खिडकीखाली उभ्या-उभ्या जेवत राहिली.